प्रश्न प्रिंटरचा होता, उत्तर लायकीचं आलं

या महिन्याच्या टपालात तीन पत्रं एकाच दुखण्याची निघाली. तिघांची गावं वेगळी, वयं वेगळी, पण विषय एकच : विंडोज सोडून लिनक्स या फुकट ऑपरेटिंग सिस्टीमकडे जाणाऱ्या माणसाशी बाकीचे कसे वागतात. साताऱ्यात सोळा वर्षं मी कॉम्प्युटरचा क्लास चालवला. त्यातली अकरा वर्षं लॅबमधल्या निम्म्या मशीनवर लिनक्स होतं. त्यामुळे हा विषय मला आतून ठाऊक आहे. पहिल्या पत्राला जास्त जागा देते आहे, कारण त्यात एका माणसाच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे.

प्रश्न : मॅडम, नमस्कार. बार्शीत माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका अशी कामं असतात. दोन मशीन आहेत, चौथ्या पिढीचे आय-थ्री, ४ जीबी रॅम. विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून ११ टाकायला गेलो, तर मशीन बसत नाही असा मेसेज आला. पुतण्याने एका मशीनवर लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, टाकून दिलं. छान पळतंय. फक्त लेसर प्रिंटर ओळखेना. म्हणून टेलिग्रामवरच्या एका लिनक्स ग्रुपवर मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं. एक जण म्हणाला, आधी मॅन्युअल वाचून या. दुसरा म्हणाला, मिंट हे लहान मुलांचं लिनक्स आहे. तिसऱ्याने एक कमांड दिली. मी ती टाकणारच होतो, पुतण्याने हात धरला म्हणून फाइली वाचल्या. आमच्या डीटीपीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे सांगितलं, तर तिथे म्हणाले, 'काका, या वयात नसते उद्योग कशाला? क्रॅक केलेलं ११ टाका आणि मोकळे व्हा.' वय ५४ आहे. माझं चुकलं का? परत विंडोज टाकू का? स्क्रीनशॉट सोबत पाठवले आहेत.

उत्तर : नमस्कार. आधी त्या कमांडबद्दल बोलते. स्क्रीनशॉटमध्ये ती मी पाहिली. न विचारता, न थांबता तुमच्या होम फोल्डरमधलं सगळं पुसून टाकणारी कमांड आहे ती. नवख्याला असलं काही देऊन गंमत बघायची ही खोड लिनक्सच्या जगात जुनी आहे, आणि मला त्यात गंमत कधीच दिसली नाही. तुमच्या मशीनवर गावातल्या लोकांची आधार कार्डं, सातबारे, पोरांच्या मार्कशीटा स्कॅन होऊन पडलेल्या असतात. ग्रुपच्या अ‍ॅडमिनला तो स्क्रीनशॉट पाठवा आणि त्या माणसाला काढायला सांगा. आणि दुकानात एक नियम पाळा : अनोळखी माणसाने दिलेली कमांड, विशेषतः 'सुडो'ने (म्हणजे पूर्ण अधिकाराने) सुरू होणारी किंवा जिच्यात 'आरएम' (म्हणजे पुसून टाक) आहे अशी, ती काय करते हे दुसऱ्या कुणाकडून कळल्याशिवाय टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, टाकायची नाही.

आता चुकण्याबद्दल. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं, आणि इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर त्यांच्या यादीत नाहीत. तुमची मशीन चालू आहेत, त्यांच्यावर रोज काम होतं, तरी ती या यादीच्या बाहेर राहिली. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी एक वर्षाच्या वाढीव सुरक्षा अपडेटची सोय जाहीर केली, पण ती उसनी मुदत झाली. लोकांची कागदपत्रं ज्या मशीनवर असतात त्याची सुरक्षा चालू राहावी म्हणून तुम्ही नवी वाट धरलीत. यात चुकलं काय? क्रॅक केलेली विंडोज टाकून लोकांचे आधार नंबर उघड्यावर ठेवणं ही चूक झाली असती.

तुम्हाला जे ऐकावं लागलं ते मी २००८ मध्ये ऐकलं आहे. क्लासच्या बारा मशीनना मुलांच्या पेनड्राइव्हमधून दर आठवड्याला व्हायरस लागायचा. रविवार सगळा फॉरमॅट मारण्यात जायचा. तेव्हा उबुंटूवाले (उबुंटू हाही लिनक्सचाच प्रकार) मागेल त्याला टपालाने फुकट सीडी पाठवायचे. परदेशी तिकिटाचं ते पाकीट पोस्टमनने दारात दिलं, तो दिवस मला आठवतो. एका मशीनवर उबुंटू बसवलं, आणि यूएसबी मॉडेम चालेना. मी सायबर कॅफेत जाऊन एका गटाला ई-मेलने प्रश्न विचारला. पहिलं उत्तर आलं, 'नेटवर शोधा.' नेट चालत नाही हाच माझा प्रश्न होता. दुसऱ्याने माझ्या इंग्रजीतल्या दोन चुका दाखवल्या. मी पाकीट उचलून कपाटात टाकलं.

तिसऱ्या दिवशी नागपूरच्या एका इंजिनियरचा मेल आला. त्यात फोन नंबर होता आणि लिहिलं होतं, 'संध्याकाळी सातनंतर करा, मी तुमच्यासमोर बसलोय असं समजून एकेक पायरी सांगतो.' दोन संध्याकाळी लागल्या. पहिल्याच मिनिटाला तो म्हणाला, 'ताई, तुमचं काही चुकलेलं नाही, या मॉडेमला ड्रायव्हर कुणी दिलेलाच नाही, आपण दुसरी वाट काढू.' वाट निघाली. पुढे एमएस-सीआयटीच्या अभ्यासासाठी विंडोज लागायचंच, म्हणून सहा मशीनवर ते ठेवलं आणि सहांवर लिनक्स गेलं. त्या सहा मशीनवर शेकडो मुलं शिकून गेली. ती दोन संध्याकाळची फोनची वेळ कुणी दिली नसती, तर यातलं काहीच घडलं नसतं.

'मिंट लहान मुलांचं' म्हणणाऱ्याला उत्तर देत बसू नका. मिंट २००६ पासून आहे. ते उबुंटूवर उभं आहे, उबुंटू डेबियन नावाच्या लिनक्सवर, आणि डेबियन १९९३ पासून जगभरचे स्वयंसेवक चालवताहेत. ज्यांनी स्वतः रात्र रात्र जागून, हाताने सगळं जुळवून आर्चसारखं अवघड लिनक्स बसवलेलं असतं, त्यांच्यातल्या काहींना वाटतं की दुसऱ्यानेही तेवढंच रक्त आटवलं पाहिजे. कष्टाने मिळालेल्या विद्येचा अभिमान मी समजू शकते. पण तुम्हाला अक्षयतृतीयेच्या आधी दोनशे पत्रिका द्यायच्या आहेत. मी स्वतः आजही मिंटच वापरते. ४ जीबी रॅमच्या मशीनला त्याची एक्सएफसीई आवृत्ती हलकी पडते.

तुमच्या डीटीपीवाल्यांचं म्हणणं मात्र मला नुसतं झटकून टाकवत नाही. त्यांचे शब्द लागले असतील, पण त्यामागे एक खरी अडचण आहे. या धंद्यात कोणीही एकटं काम करत नाही. तुमची फाइल सोलापूरच्या ऑफसेटवाल्याकडे जाते, त्याची जुनी पेजमेकरची (पानं मांडायच्या सॉफ्टवेअरची) फाइल पेनड्राइव्हवर तुमच्याकडे येते, अडल्यावेळी शेजारच्या दुकानातून फॉन्ट मागून आणला जातो. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ मध्ये आली. तेव्हापासून सगळे तिच्यावर आणि श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टवर एकमेकांच्या आधाराने चाललेत. त्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनवर चालणाऱ्या सर्वमान्य अक्षरांत, नसतो. आतून ती इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली मराठी वळणं असतात, म्हणून फॉन्ट नसलेल्या मशीनवर सगळं रोमन गिचमीड दिसतं. या साखळीतली एक कडी निघाली की बाकीच्यांना आपलं काम अडेल अशी भीती वाटते. 'या वयात' वगैरे ते त्या भीतीपोटी म्हणताहेत असं मला वाटतं. त्यांच्याशी भांडू नका. तुमची फाइल त्यांच्याकडे उघडेल एवढी खात्री त्यांना द्या, म्हणजे निम्मा विरोध गळून पडेल.

त्यासाठी दोन्ही मशीन एकदम बदलायची गरज नाही. दुसऱ्या मशीनवर विंडोज १० तसंच राहू द्या. त्यावर पेजमेकर, श्रीलिपी आणि जुन्या फाइली ठेवा, आणि त्याची नेटची वायर काढून टाका. ते मशीन फक्त जुन्या कामासाठी. लोकांचे ई-मेल, व्हॉट्सअ‍ॅप वेब, सरकारी फॉर्म, स्कॅनिंग हे सगळं मिंटवर आणा. नवीन काम युनिकोडमध्ये सुरू करा. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिंटमध्येच आहे, लेआउटच्या यादीतून निवडायचा. पानांची मांडणी स्क्रायबस या सॉफ्टवेअरमध्ये होते, आणि ऑफसेटवाल्याला पीडीएफ दिली की त्याला तुमच्याकडे कोणतं सॉफ्टवेअर आहे याने फरक पडत नाही. लिब्रेऑफिस ड्रॉ पेजमेकरच्या फाइली उघडतं, पण मांडणी हलते, आणि जुन्या फॉन्टचा मजकूर तसाच जुन्या फॉन्टचा राहतो. त्यावर विसंबून जुनं मशीन मोडीत काढू नका. हात बसायला दोनेक महिने धरा, आणि लग्नसराई उलटल्यावरच सुरुवात करा.

प्रिंटरचं असं आहे. स्वस्तातल्या पुष्कळ लेसर प्रिंटरमध्ये पान रचण्याचं काम प्रिंटर करत नाही, ते कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर करतो. कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला नसेल तर तो प्रिंटर तिथे मुका राहतो. काही मॉडेलना स्वयंसेवकांनी ड्रायव्हर लिहिलेत, काहींना नाहीत. म्हणून पुन्हा विचाराल तेव्हा प्रिंटरच्या मागच्या पट्टीवरचा पूर्ण मॉडेल नंबर द्या. मिंटच्या मेनूत 'सिस्टीम रिपोर्ट्स' (नव्या आवृत्तीत 'सिस्टीम इन्फर्मेशन') आहे, त्यातली सिस्टीमची माहिती एका बटणाने कॉपी होते, ती खाली जोडा. आणि मराठीत लिहा. मोडक्या इंग्रजीपेक्षा नीट मराठीत विचारलेला प्रश्न लवकर सुटतो, कारण नेमकं काय झालं ते तुम्ही मराठीत नेमकं सांगू शकता. मॉडेल नंबर मलाही कळवा. मी तुमच्यासाठी शोधते.

प्रश्न : मॅडम, मी पुण्यात इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन वर्षं लिनक्सच्या ग्रुपवर लोकांना मदत करतोय, फुकट. विंडोज १० बंद झाल्यापासून लोंढा लागलाय. रोज तेच : वायफाय चालत नाही, डी ड्राइव्ह कुठे गेला. स्क्रीनचा वाकडा फोटो टाकतात आणि खाली नुसतं 'चालत नाही.' गेल्या आठवड्यात मी एकाला म्हणालो, शिकायचं नसेल तर येता कशाला. आता सगळे मला उर्मट म्हणतायत. माझं काय चुकलं?

उत्तर : तू माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा आहेस, म्हणून अरे-तुरे करते. तू दमला आहेस हे मला पत्रातून दिसतं. परीक्षा सांभाळून दोन वर्षं अनोळखी लोकांची मशीन दुरुस्त करून देणं ही मोठी गोष्ट आहे, आणि तुला त्याबद्दल कुणी आभार मानले नसतील तर मी मानते.

पण त्या डी ड्राइव्हबद्दल मला तुला एक सांगायचं आहे. मी हे आजवर कुठे लिहिलेलं नाही. ८ एप्रिल २०१४ ला विंडोज एक्सपीचा सपोर्ट संपला. माझा एक जुना विद्यार्थी कोरेगावला सायबर कॅफे चालवायचा. माझं ऐकून त्याने लिनक्स टाकलं, आणि आमच्या गटात विचारलं, 'मॅडम, डी ड्राइव्ह दिसत नाही.' त्या दिवशी मीही दमलेली होते. मी सगळ्यांसमोर लिहिलं, 'हे पहिल्याच पानावर आहे, वाचायचे कष्ट घ्या.' त्याने पुन्हा काही विचारलं नाही. दीड-दोन वर्षांनी सातारा स्टँडवर भेटला. मी विचारलं, लिनक्स कसं चाललंय? तो म्हणाला, 'काढून टाकलं मॅडम, त्याच आठवड्यात. तुम्हीच तसं म्हणालात, मग दुसऱ्या कुणाला विचारणार?' पुण्याची गाडी लागली आणि तो निघून गेला. माझ्याजवळ बोलायला काही नव्हतं.

त्याचा प्रश्न आळशीपणाचा नव्हता. ज्याने पंधरा वर्षं आपलं सगळं 'डी'मध्ये ठेवलंय, सी गेला तरी डी वाचतो हे ज्याला अनुभवाने पक्कं ठाऊक आहे, त्याच्यासाठी डी ड्राइव्ह म्हणजे घरातली तिजोरी. लिनक्समध्ये सी आणि डी अशी नावंच नसतात. सगळं एका मुळाखाली झाडासारखं लटकलेलं असतं, आणि जुनं पार्टिशन कुठेतरी फांदीवर जोडलेलं असतं. तुला ते अंगवळणी पडलंय. त्याला फक्त तिजोरी गेलेली दिसते. 'चालत नाही' एवढंच तो लिहितो, कारण त्या घाबरलेल्या क्षणी त्याच्याकडे दुसरा शब्द नसतो.

तुला दोन गोष्टी सांगते, तुझ्याच जगातल्या. २०२१ च्या नोव्हेंबरात लिनस सेबॅस्टियन या कॅनडातल्या नामांकित यूट्यूबरने पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम हे गेम खेळायचं सॉफ्टवेअर बसवायला घेतलं. पॅकेजमधल्या एका दोषामुळे सिस्टीम अख्खा डेस्कटॉपच काढायला निघाली. तिने इशारा दिला आणि 'हो, मी सांगतो तसं कर' अशा अर्थाचं वाक्य टाइप करायला सांगितलं. त्याने ते केलं, आणि डेस्कटॉप गेला. कितीतरी जाणकारांनी त्यालाच नावं ठेवली, की इशारा वाचता येत नाही का. पण एपीटी, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणारी-काढणारी यंत्रणा, सांभाळणाऱ्यांनी पुढे एपीटीच बदललं. अत्यावश्यक पॅकेजं असं एक वाक्य टाइप करून काढता येणं बंद झालं. इतकी वर्षं जाणकारांना त्यात काही खटकलं नव्हतं, कारण ते त्या वाटेने जातच नव्हते. नवा माणूस तिथे पडला म्हणून खड्डा दिसला.

दुसरी गोष्ट खुद्द लिनक्सच्या जनकाची, लिनस टोरवाल्ड्सची. २५ ऑगस्ट १९९१ ला, एकवीस वर्षांचा असताना, हेलसिंकीतून त्याने मिनिक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम वापरणाऱ्या लोकांना लिहिलं की मी एक फुकट ऑपरेटिंग सिस्टीम करतोय, निव्वळ छंद म्हणून, आणि तुम्हाला मिनिक्समधलं काय आवडतं, काय नाही ते सांगा. म्हणजे लिनक्सची जाहीर सुरुवातच लोकांना प्रश्न विचारण्याने झाली. पुढच्याच जानेवारीत मिनिक्सचे कर्ते प्राध्यापक टॅनेनबाउम यांनी लिनक्स कालबाह्य असल्याचं लिहिलं, आणि टोरवाल्ड्सनेही तितक्याच कडक भाषेत उत्तर दिलं. तीच कडक भाषा त्याने पुढे वर्षानुवर्षं सहकाऱ्यांवर वापरली, आणि ती इतकी माहीत झाली की खालच्या पोरांना वाटू लागलं, तोडून बोलणं म्हणजेच हुशारी. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याने आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली, काही काळ काम थांबवलं, आणि त्याच सुमारास लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नेलच्या प्रकल्पाने वागणुकीचे नियम स्वीकारले. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्याला ते करता आलं. तुला तर अजून सगळं आयुष्य आहे.

माझं ऐकशील तर आठवडाभर उत्तरं देऊ नकोस. ग्रुपवर उत्तर देणं तुझ्यावर बंधनकारक नाही, गप्प बसायची तुला पूर्ण मोकळीक आहे. मग परत आलास की रोज येणाऱ्या त्या प्रश्नांची उत्तरं मराठीत, चित्रांसकट, एकदाच लिहून काढ. डी ड्राइव्हपासून सुरुवात कर. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठीतून ऐकायला मिळतात, त्यांचा पत्ता वरती दे. आणि ज्याला तसं बोललास त्याला खासगीत एक ओळ लिही, अजून वेळ गेलेली नाही. मी कोरेगावला फोन करायला हवा होता. केला नाही.

प्रश्न : मी रत्नागिरीत अकाउंट्सची कामं करते. तीन महिने लिनक्स वापरलं, मनापासून आवडलं. पण टॅली आणि डिजिटल सहीचं टोकन यांपायी परत विंडोजवर यावं लागलं. ग्रुपवर प्रामाणिकपणे सांगितलं, तर 'जमलं नाही म्हणा ना', 'पळपुटी' असं ऐकावं लागलं. आता पुन्हा तिथे तोंड दाखवायला नको वाटतं.

उत्तर : ताई, टॅलीची लिनक्ससाठी आवृत्ती नाही. कष्ट करून ती येत नाही. तुमच्या अशिलांचे रिटर्न तारखेला भरले गेले पाहिजेत, आणि त्यासाठी जे मशीन लागेल ते तुम्ही वापरलंत. म्युनिक शहराच्या पालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचं ठरवलं, दहा वर्षांत सुमारे पंधरा हजार कॉम्प्युटर बदलले, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे वळायचा ठराव केला. तो निर्णय बरोबर होता की चूक यावर जाणकार अजून वाद घालतात. एवढ्या मोठ्या पालिकेला जी ओढाताण सोसली नाही, ती रत्नागिरीतल्या एकट्या बाईने तीन महिने सोसली. तिला पळपुटी म्हणणाऱ्याने आयुष्यात कधी जीएसटीचं रिटर्न भरलेलं नसावं.

लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स विंडोजवरही चालतात, त्यांचा हात सोडू नका. लिनक्स आवडलं असेल तर घरच्या जुन्या लॅपटॉपवर ठेवा, पत्रव्यवहार आणि वाचन तिथे करा. आणि ग्रुप सोडायच्या आधी एक काम करा. टोकनचं मॉडेल, लिनक्सची आवृत्ती, टोकन लावल्यावर नेमका काय मेसेज आला, एवढं तिथे लिहून ठेवा. चिपळूणची किंवा लांज्याची एखादी अकाउंटंट पुढच्या मार्चमध्ये तेच शोधत असेल.